आतून टकटक

ती गाडी तिसऱ्यांदा माझ्या दारात आली, तेव्हा माझं डोकंच सटकलं. तिची पुढची काच मी स्वतः बसवली होती. एकवीस वर्षं मी गाड्यांच्या काचाच बसवतोय, मला दुसरं काही येत नाही. आणि ही काच गळतेय म्हणे!

गाडीतून उतरल्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाई. माझ्याच वयाच्या, गळ्यात मापाची टेप तशीच लटकलेली. लोकांचे कपडे दुरुस्त करून घरपोच देतात.

"अहो काचवाले, एका माणसाचा कोट पायाशी ठेवला होता. ओलाचिंब झाला! आता त्याला तोंड तुम्हीच दाखवा."

"वरच्या दोन्ही कोपऱ्यांत मी दोनदा सीलंट भरलंय," मी फणकारलो.

"मग पाणी काय मी आणून ओतते?"

माझ्या तर तोंडचं पाणी पळालं होतं, आणि ते काही कोटासाठी नव्हे. आदल्याच आठवड्यात मुलीशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं. तिचं एकच पालुपद, बाबा, दुकान बंद करा, इकडे राहायला या, तुमची खोली तयार आहे. रागाच्या भरात मी बोलून गेलो, "ती गाडी परत आली आणि तेव्हाही मला गळती थांबवता आली नाही, तर कुलूप लावतो आणि येतो. झालं समाधान?" ती म्हणाली, "शब्द दिलात हं बाबा." आता गाडी समोर उभी होती.

खरं सांगायचं तर गळती शोधणं हे एकट्याचं काम नाही. एकाने बाहेर पाण्याची नळी धरायची, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. पाणी खालून वर न्यायचं, अगदी सावकाश. वरून सोडलं की ते सगळीकडे ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. आमच्याकडे आत बसायची ती माझी बायको. थेंब दिसला की आतून काचेवर टकटक करायची. मी जिथे असेन तिथे नळी थांबवायची, खडूने खूण करायची. संपलं.

ती गेली त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून मी पाणी मारतो, नळी टाकतो आणि धावत आत जाऊन बघतो. तोवर थेंब कुठल्या कुठे गेलेला असतो. मग काय, अंदाजपंचे! वरचे कोपरे मी असेच भरले होते. हे मुलीला सांगितलं नव्हतं, बाईंना तर नाहीच नाही.

"मी बसते आत," बाई म्हणाल्या. "काय करायचं तेवढं सांगा."

"गिऱ्हाइकाला बसवत नाही मी. आणि तुम्हाला जमायचं नाही."

"सुई बिनचष्म्याची ओवते अजून. थेंब दिसणार नाही होय मला?"

बसल्या की! टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं, पाय दाराबाहेर. मी खालच्या कडेपासून पाणी सोडलं. त्या कडेच्या मध्यापाशी आलो असेन नसेन, तोच आतून आवाज आला. टकटक.

माझ्या हातून नळी सुटली आणि बूट भिजले. चौदा महिन्यांत तो आवाज ऐकला नव्हता मी.

"अहो, लक्ष कुठेय? इथे, ब्रेकच्या वर!"

वायपरखालची प्लास्टिकची पट्टी काढली आणि माझी मलाच लाज वाटली. काच चिकटवायला सीलंटची रेघ चौकटीभर फिरवतात, ती जिथे सुरू होते तिथेच येऊन संपते. तिथे एका टोकावर दुसरं टोक चढवून दाबायचं असतं. मी दाबलंच नव्हतं. मध्ये काडी जाईल एवढी फट.

बाई वाकून बघत होत्या. "सुरुवातीवर शेवट चढवला नाहीत वाटतं? आमच्याकडेही शिवण तिथूनच उसवते."

मला का ते माहीत नव्हतं? पण दर काचेच्या वेळी बायको दुकानाच्या मागून ओरडायची, "अहो, टोकावर टोक चढवलंत का?" मी खेकसायचो, "किती वेळा तेच विचारशील!" आणि मग गुपचूप जाऊन चढवायचो. चौदा महिने कुणी विचारलंच नव्हतं.

फट खरवडली, सुकवली, प्रायमर लावला, सीलंट भरलं, चांगलं दाबलं. गाडी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या आणि न सांगताच आत जाऊन बसल्या. मी नळी सोडली. खालची कड, मग बाजू, मग वर. आतून काही नाही. पुन्हा खालून सुरू केलं. काही नाही. माझं काम चोख झालं होतं, दुकान वाचलं होतं, जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मी पाणी मारतच राहिलो. सांगायला लाज वाटते, पण मला टकटक हवी होती. कुठेही, एकच थेंब आला असता तरी चाललं असतं.

शेवटी बाईंनी दार उघडलं. "अहो, कोरडं आहे. केव्हाचं कोरडं आहे. किती ओतताय?"

"खात्री करत होतो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग जाऊन नळ त्यांनीच बंद केला.

त्या गेल्यावर मुलीचा फोन आला.

"सापडली गळती?"

"सापडली. थांबलीसुद्धा."

"म्हणजे तुम्ही येत नाही."

"तसंच ठरलं होतं ना आपलं?"

"हो. पडदे धुऊन लावले होते मी खोलीला," ती म्हणाली. "असू दे. जेवा वेळेवर."

फोन ठेवला. जिंकलो होतो मी, आणि रडू आवरत नव्हतं. मग दुसरी गाडी कामाला घेतली. सीलंटची रेघ फिरवत आणली, टोकावर टोक चढवलं, अंगठ्याने दाबलं. मागून कुणी विचारलं नव्हतं. तरी मोठ्याने म्हणालो, "चढवलं गं, चढवलं."