लेकीची मोठी भूमिका

तीस वर्षे निलोफर ब्रिटिश दूरचित्रवाणीवर होती, आणि तीस वर्षांत तिच्या वाट्याला धड एक संपूर्ण प्रसंग आला नव्हता. रुग्णालयाच्या मालिकेत परिचारिका, पोलिसांच्या मालिकेत मुलगा गमावलेली बाई. दार उघडायचे, तीन वाक्ये बोलायची आणि बाजूला व्हायचे. तिचे वडील मुस्तकीम ब्रिटनमधल्या कापडगिरणीत राबले आणि तिथल्याच मातीत गेले. त्यांच्यामागे आई रेहानाबी नाशिकला, वडाळा नाक्यावर भावाच्या घरी परतल्या. लेक ईदला फोन करी, तोही घाईत.

अशी ही लेक गेल्या हिवाळ्यात न कळवता दारात उभी राहिली, तेव्हा रेहानाबींना आकाश ठेंगणे झाले. महिनाभर ती आईच्या खाटेपासून हलली नाही. गुडघ्यांना तेल चोळले, केस विंचरले, न कंटाळता प्रश्न विचारले.

"अम्मी, उठताना आधी कुठला हात टेकता?"

आई उठून दाखवी. लेक टक लावून पाही.

रेहानाबींची एक गोष्ट भावाच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. जेवताना त्या पहिला घास नवऱ्याच्या नावाने ताटाच्या कडेला ठेवीत आणि त्याच्याशी दोन शब्द बोलत. म्हणूनच भिंतीकडे तोंड करून जेवत. ते गुपित त्यांनी पोटच्या पोरीपुढे उघड केले.

"तुझ्या अब्बांना गरम सोसायचं नाही. म्हणून विचारते, पोळतंय का?"

निलोफरने डोळे पुसले. ती परत गेल्यावर रेहानाबी भावजयीला ताठ मानेने म्हणाल्या, "विसरली म्हणत होतीस ना? माझी पोर माझ्यासाठी आली होती."

उन्हाळ्यात निलोफरची नवी मालिका आली. एवढ्या वर्षांत प्रथमच मुख्य भूमिका, आणि तीही विनोदी. रेहानाबींचा भाचा फराज विंचूरच्या कांदाबाजारातून त्यासाठी लवकर परतला, आणि सारे घर टीव्हीपुढे जमले. पांढऱ्या केसांचा टोप घातलेली निलोफर डावा हात टेकून, कण्हत उठली, आणि ध्वनिमुद्रित हशा पिकला. मग ती जेवायला बसली. रिकाम्या खुर्चीपुढे तिने एक घास ठेवला, त्यावर फुंकर घातली आणि लाडात येऊन विचारले, पोळतंय का? मालिकेतल्या सुनेने डोळे फिरवले आणि तो घास केराच्या डब्यात टाकला. हशा थांबता थांबेना.

"फूफी, हुबेहूब तुम्हीच की हो," फराज आत्याकडे वळून हसत म्हणाला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. पण खांदे हलतच होते.

रेहानाबी म्हणाल्या, "आवाज वाढव." आणि शेवटपर्यंत पापणी न लववता पाहत राहिल्या.

पावसाळा सरताना लेकीचा फोन आला. "अम्मी, मालिकेचा दुसरा भाग निघतोय. म्हातारीत नवं काही दिसलं नाही, तर माझ्या जागी दुसरीला घेतील. येऊ ना?"

"ये, बेटा."

ती आली. रेहानाबी पाठ सरळ ठेवून, हात मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. लेक खोलीत असेपर्यंत त्या उठल्या नाहीत, जेवल्या नाहीत, कण्हल्या नाहीत. प्रश्नाला एकच उत्तर होते: ठीक. निलोफरने आधी थट्टा केली, मग लाडीगोडी. आठवडा उलटला, तशी ती पायाशी बसून रडू लागली.

"काहीतरी बोला, अम्मी. शिवी तरी द्या."

"शिवी कशी देऊ? तीही उचलून नेशील."

"काम जाईल माझं. या वयात मला कोण विचारणार?"

"मग दुसरी म्हातारी शोध. वृद्धाश्रमात पुष्कळ असतात. त्यांच्याकडेही कोणी फिरकत नाही. तेल लावलंस की भडाभडा बोलतील."

"असं टोचून नका बोलू. मला तुमच्याशिवाय आहे कोण?"

हे खरे होते, आणि रेहानाबींना ते ठाऊक होते. त्यांचा हात आपसूक लेकीच्या डोक्याकडे गेला. भरल्या डोळ्यांतूनही निलोफरची नजर त्या हातावर गेली: कोणते बोट आधी वाकते, मनगट कसे थरथरते. तिचे रडणे थांबले होते.

रेहानाबींनी हात ओढणीखाली घेतला.

"फराज," त्यांनी बाहेर हाक दिली, "माळ्यावरून हिची बॅग उतरव. ही आजच जाणार आहे."