थांबलेला समुद्र आणि चालती बोट

कोणाचा विश्वास बसणार नाही, पण उत्तनचा समुद्र मी थांबवलाय. एका हाताने. दुसऱ्या हातात कॅमेरा होता.

काल संध्याकाळी समोरच्या ब्लॉकमधले स्वप्नील आणि ममता चहाला आले होते, त्यांनाही हेच सांगत होतो. खरं तर बोलायचं त्राण नव्हतं. पोटऱ्या भरून आलेल्या, चपलेतली वाळूही अजून झटकली नव्हती. पण शेजारी गिरिजा टीव्हीवर माझंच शूटिंग बघत बसलेली, तेव्हा सांगणं भाग होतं.

गिरिजा म्हणजे माझी बायको. माहेर उत्तनजवळच्या चौक गावचं. तिच्या भावाच्या, कमळाकरच्या बोटीवर पुढच्या टोकाला त्यांच्या आईचं नाव रंगवलंय, लक्ष्मी. कमळाकरच्या कमरेने दगा दिला आणि त्याने बोट विकली. नवा मालक आता आईचं नाव पुसून आपलं घालणार. नेमकं गिरिजाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वाऱ्यावाळूत जायची बंदी. तिचं मागणं एवढंच, की बोट शेवटची समुद्रात जाताना मला दाखवा. बांधलेली नको, बांधलेली बोट आजाऱ्यासारखी दिसते. चालती पाहिजे, आणि आईचं नाव वाचता आलं पाहिजे.

मोबाइलमध्ये लांबची बोट सुक्या जवळ्याएवढी दिसते, म्हणून कॅमकॉर्डर. भाईंदर स्टेशनजवळच्या दुकानात परेशभाईने एक खोका पुढे केला. वर भलंमोठं 4K. खाली मुंगीएवढ्या अक्षरात 1080 आणि त्याला चिकटलेला एक i. मुंगीकडे कोण बघतो? दुकानातली सेलची पाटी शूट करून पाहिली, अक्षरं काचेसारखी. घेतला.

उत्तनला जाऊन बोट निघताना शूट केली, घरी येऊन टीव्हीवर लावली. बोट हलल्याबरोबर लक्ष्मीच्या प्रत्येक अक्षराला फणीचे दात फुटलेले. गिरिजाने काळा चष्मा घातला आणि आत जाऊन पडली. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं.

स्वप्नील लग्नांचं शूटिंग करतो. तो म्हणाला, "काका, पाटी कधी हलते का? पंखा लावून त्याच्यावर बघायचं." मग समजावलं. i वाला कॅमेरा आधी एकाआड एक ओळी टिपतो, मग उरलेल्या. तेवढ्यात बोट पुढे सरकलेली असते, मग दोन अर्धी चित्रं जुळायची कशी? p वाला अख्खं चित्र एकदम घेतो. आणि 4K चं म्हणाल तर कॅमेऱ्याचा स्वतःचा डोळा किती बघतो ते विचारायचं. ह्याने वाटीभर आमटीत पाणी ओतून पातेलंभर केली होती.

परत दुकानात. पंखा लावायला लावला, पाती मोजता येईपर्यंत हललो नाही. परेशभाई वैतागला, "अंकल, शादी का रिश्ता देख रहे हो क्या?" पण बदलून p वाला दिला.

"आणि आज सकाळी," मी स्वप्नीलला सांगत होतो, "बोट पुन्हा निघाली. पण लाटा अशा, की नाव वर-खाली, वर-खाली. वाचणार काय? मी हात वर केला, म्हटलं, थांब जरा. थांबला. एक बोई मासा उडी मारता मारता हवेतच राहिला, त्याच्यावर बगळा येऊन बसला. बोट तेवढी चालत होती, कारण तिला मी थांब म्हटलंच नव्हतं."

ममता पदर तोंडाशी नेऊन हसत होती. टीव्हीवर पाणी खरंच सपाट होतं आणि त्यावरून लक्ष्मी हळूहळू सरकत होती. अक्षर न अक्षर स्वच्छ. म च्या कडेला उडालेल्या रंगाचा पोपडासुद्धा दिसत होता.

गिरिजा उठली. काळा चष्मा काढून पार टीव्हीला नाक लावून उभी राहिली. नावावरून बोट फिरवलं. मला वाटलं, जमलं एकदाचं, आता पाय गरम पाण्यात बुडवून बसावं.

तिचं बोट नावाखाली घसरलं आणि तिथेच थांबलं.

"अहो, समुद्र तुमी थांबवला ना? मंग दादाच्या बोटीला दोर कशाला बांधलेला हाय? बोट न्हाय चालत, तुमी चालताय."