मायनसला जमीन

पोपटच्या थोरल्या भावाने, नामाने, बापाचं सगळं शेत एकट्याने गिळलं होतं. त्यामुळे जमिनीचं नाव निघालं की पोपटचं डोकं फिरायचं. फिरणारच हो! पोट भरायचं तर भावाच्याच शेतात मजुरी. म्हणून तर कर्जतच्या नव्या भातगिरणीतली नोकरी त्याला जिवापाड हवी होती. शेठ म्हणाला होता, "आज गिरणी सुरळीत चालली तर तुला कायमचा ठेवतो, नाहीतर घरी बस."

लढाईचे दिवस. मोठ्या मिनतवारीने मुंबईहून आणलेले वायरमन करंदीकर मास्तर पॅनेलपुढे घामाघूम झाले होते. मोटारीला वीज भिवपुरीच्या वीजघराची, पण पॅनेलमधली बटणं नि दिवे चालायचे बॅटरीवर. तिच्या दोन तारा, काळी मायनस, लाल प्लस. बाहेर खड्ड्यात अर्थिंगसाठी मिठाकोळशात तांब्याचा पत्रा पुरला होता, वरची कड तेवढी उघडी.

"पोपट, मायनसला जमीन दे," असं सांगून मास्तर चहाला गेले.

म्हणजे काळी तार त्या पत्र्याला जोड, एवढंच. पोपटने जोडली. मग त्याला लाल तारेची दया आली.

"वा रं न्याय! एका बॅटरीची दोन लेकरं, आनि जमीन एकालाच? माज्या हातनं नाय होयाचं हे पाप." आणि पठ्ठ्याने लाल तारही त्याच पत्र्याला जोडली, वर मधोमध खडूने बांधाची रेघ मारली.

शेठने नारळ फोडला, मास्तरांनी खटका ओढला. फाट्! फ्यूज उडाला, धूर निघाला, आणि शेठ टुणकन पोत्यांवर जाऊन बसला.

"दोन्ही तारांना जमीन कुठल्या गाढवाने दिली?" मास्तर ओरडले.

भात कांडायला आलेला नामाही तिथेच उभा होता. त्याच्याकडे रोखून बघत पोपट म्हणाला, "मी दिली. सारखी वाटनी केली."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, दोघांना दिलीस की दोघं खड्ड्यातच भिडतात! मग काम कोण करणार? एकाने जमीन धरायची, दुसऱ्याने गिरणी चालवायची."

गेली नोकरी! पोपटला रडूच कोसळलं. डोळे पुसत त्याने लाल तार सोडवली. "ऱ्हाऊ दे गं ती जमीन," तो तिला म्हणाला. नवा फ्यूज बसला, खटका पडला, आणि गिरणी धडधडू लागली.

शेठ अजून पोत्यांवरच होता, पोट धरून हसत. "तारांचीसुद्धा सारखी वाटणी करतो! अरे, असलाच माणूस मला वजनाच्या काट्यावर हवा. बस तिथे, कायमचा!"

पोपट काट्यावर बसतो न बसतो तोच रांग सोडून नामा पुढे आला. "माजं भात आधी घे रं, घरचाच हाय मी."

"मागं जा, दादा," पोपट म्हणाला. "हितं तुजा सातबारा चालत नाय."