बुक्का लावताना मागितलेलं

शिवरामबुवांच्या कीर्तनाला अंबरनाथपासून वांगणीपर्यंत माणूस लोटायचा, आणि का लोटू नये? आवाजच तसा, ऐकणाऱ्याचे डोळे आपोआप मिटायचे. फक्त बदलापूरला, शिरगावातल्या घरी, बुवा सापडत नसत. ते आणि पेटीवर साथ करणाऱ्या अंजनीबाई कायम गावोगाव. कान्हा आणि वृंदा ही त्यांची जुळी पोरं शेजारच्या गयाबाईंच्या हातचं जेवली आणि बुवांच्या कॅसेटींवर वाढली.

"आपले बाबा गुणी आहेत," कान्हा म्हणे. "बटण दाबलं की गप्प."

दोन हजार तीनच्या चैत्रात बुवांनी फोनवरूनच ठरवून टाकलं: वृंदाने नाशिकला आत्याकडे राहायचं. वृंदाने हाक मारल्याशिवाय कान्हाला जागसुद्धा येत नसे.

त्याच आठवड्यात बुवांचं कीर्तन अंबरनाथला होतं. पूर्वरंग संपला की नामाच्या गजरात लोक बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. त्या वेळी बुवा कुणालाच टाळत नाहीत. बापाला गाठायची हीच जागा, असं कान्हाने हेरलं. भाषण आरशासमोर घोटून झालं होतं. आरशाला ते फार आवडलं होतं.

दोघं रांगेला लागली. बुवांच्या कपाळाला बुक्का लावताना कान्हा भाषण साफ विसरला.

"पाठवू नका," एवढंच निघालं.

चष्मा काढलेल्या बुवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पांडुरंग सगळं बघतो, बाळा. कुठले तुम्ही?"

"शिरगावचे."

"अरे वा! आम्हीही तिथलेच!"

समोरचा माइक चालूच होता. मंडप कौतुकाने हसला. वृंदा तर ओठ चावत खालीच बसली.

"आई-वडील आलेत का?"

"आई पेटीवर आहे," कान्हा म्हणाला.

पेटी थांबली. "अहो," अंजनीबाई मागून पुटपुटल्या, "आपलीच आहेत ती!"

बुवांनी घाईघाईने चष्मा चढवला.

"मग नाशिकचं काय, बाबा?" कान्हाने विचारलं. हेही माइकमधून पार रस्त्यापर्यंत गेलं.

बुवांनी एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा पोरांकडे. "नाही जायचं," ते म्हणाले. आवाज कधी नव्हे तो चिरकला. मग त्यांनी माइकवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "पण तुमच्यातलं जाणार कोण होतं?"

कान्हा उत्तर द्यायला गेला, तोच वृंदाने त्याचा हात धरला.

"कुणीच नाही," ती म्हणाली.