इथे गप्प बस

मित्रांनो, मी एक जुना, पक्का संशयखोर प्रोग्राम आहे. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम चालवून न बघता नुसते वाचायचे आणि चूक दिसली की बोंब ठोकायची, हे माझं काम. माझी उमेदीची वर्षं कुमासी शहरातल्या एका लहानशा कारखान्यात गेली. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उबदार पेट्या बनत, आणि त्या पेट्या चालवणारे प्रोग्राम मी वाचायचो.

सुरुवातीला माझं काय कौतुक! "याच्या नजरेतून काही सुटत नाही," असं बोआदिवा, तिथली प्रोग्रामर, सगळ्यांना सांगायची. पण माझे निम्म्याहून जास्त संशय पोकळ निघत. मग वैतागून ती प्रोग्रामच्या एखाद्या ओळीवर लिहायची, ‘इथे गप्प बस’. तेवढं लिहिलं की माझी बोलती बंद. आणि खरं सांगू? अशा ओळींचाच मला जास्त संशय येतो.

त्यातली एक होती वोफा बाफोंची. वोफा म्हणजे मामा. कारखान्यातल्या या वडीलधाऱ्या इंजिनियरला सगळे तसंच हाक मारत. तापमान मोजणारी तार तुटली, तर आकडाच येणार नाही. त्यांची ओळ त्याला शून्य समजणार आणि बाळ गारठलंय असं धरून हीटर तापवतच राहणार! मी ओरडलो, तर बोआदिवाने माझंच तोंड बांधलं.

ती ओळ असलेली पेटी दुसऱ्या दिवशी इस्पितळात जायची होती. तिच्यात निजणार होतं बोआदिवाच्याच बहिणीचं, सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ. दुपारी जेवताना बोआदिवाचा केंकीचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उकडीचा, घास हातातच राहिला.

"वोफा, ती तापमानाची ओळ तुम्ही पुन्हा तपासलीत ना?"

"मी कशाला? तुझा तो संशयी भुंकला नाही, म्हटलं ठीक असेल."

"भुंकेल कसा? मीच गप्प केलाय त्याला! तुमची ओळ, तिच्यावर कसला संशय घ्यायचा?"

"अरे देवा! म्हणजे तू माझ्या भरवशावर, आणि मी त्याच्या?"

वोफा खरकट्या हातानेच उठले आणि त्यांनी रिकाम्या पेटीची तार उपटली. हीटर लाल झाला, तो विझेचना. बोआदिवाला रडू कोसळलं.

दोघांनी मिळून ओळ सुधारली. आकडा आला नाही की हीटर बंद आणि भोंगा सुरू. मग माझं तोंड सोडलं. मी म्हणालो, आता तक्रार नाही.

"हा म्हणतो म्हणून?" वोफा गुरगुरले आणि त्यांनी पुन्हा तार उपटली. भोंगा वाजला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! माझ्याइतकं संशयी कुणीतरी भेटलं होतं.

आता माझ्या जागी नवा तपासनीस आलाय. मित्रांनो, त्याचं तोंड बांधायचं तर खुशाल बांधा, पण आधी एकदा तार उपटून बघा. पेटीत कुणाचं तरी बाळ निजणार असतं.