घुमं यंत्र

वीज गेली आणि मिस्त्रींच्या पायाला भिंगरी लागली. दवाखान्याच्या डिझेल जनरेटरपाशी त्यांचा उभा जन्म गेला होता. तो एकदा धडधडायला लागला की ते खुशाल डुलकी काढायचे. आवाज आहे म्हणजे दिवे आहेत. आता त्या जागी कपाटाएवढं पांढरं यंत्र उभं होतं. त्याला ना धडधड, ना धूर, ना वास. असल्या घुम्यावर माणसाने भरवसा ठेवायचा तरी कसा?

त्यात आज वरच्या खोलीत, काचेच्या पेटीत, त्यांची नात होती. दिवस भरायच्या आधीच आलेली, एवढीशी. पेटीची ऊब विजेवर आणि वीज या घुम्याच्या हातात.

यंत्र बसवणाऱ्या इंजिनियरबाईंनी नीट समजावलं होतं. छतावरच्या सोलर पॅनेलांच्या विजेने दिवसा पाण्यातून हायड्रोजन वेगळा निघणार, तो मागच्या टाक्यांत साठणार आणि वीज गेली की यंत्र त्याच्यावर चालणार. "डिझेल परक्या देशातून येतं, मिस्त्री. तिकडे कुणी हात आखडला की आपला दवाखाना अंधारात. ऊन तर आपलंच आहे ना?" बोलणं पटण्यासारखं होतं. मागे डिझेल आलं नव्हतं तेव्हा सिस्टरने मोबाइलच्या उजेडात बाळंतपणं केली होती, हे मिस्त्री विसरले नव्हते. पण पटलं म्हणून जीव थाऱ्यावर येतोच असं नाही.

यंत्राची एकच गोष्ट त्यांना मनापासून आवडली होती. वीज करताना मागच्या नळीतून पाणी ठिबकायचं, अगदी स्वच्छ. ज्या गावात पाणी आलं की लोक हातातलं काम टाकून पळतात, तिथे ते मातीत जिरताना बघून मिस्त्रींचा जीव तुटायचा. म्हणून कालच त्यांनी नळीच्या तोंडाला एक पितळी तोटी बसवली. लागेल तेव्हा उघडायची, बादली भरायची, बंद करायची. आपल्या अकलेवर स्वारी बेहद्द खूश होती.

यंत्र लागलं, दिवे आले. मिस्त्री वर जाऊन नातीला बघून आले, खाली येऊन यंत्राला कान लावला, पुन्हा वर गेले.

"बाबा, बसा ना एका जागी," पलंगावरून मुलगी म्हणाली.

ते स्टुलावर टेकले आणि दिवे गेले. काचेच्या पेटीचा हिरवा दिवाही गेला.

सिस्टरने बाळ अलगद उचलून मुलीच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वर पांघरूण घातलं. "थोडा वेळ निभेल. पण हिला पेटीच हवी. मिस्त्री, खाली बघा काय झालंय."

मिस्त्री धडपडत खाली आले. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. त्यांनी इंजिनियरबाईंना फोन लावला. "बंद पडलं तुमचं खेळणं. गरिबांच्या गळ्यात मारायला बरं सापडतं तुम्हाला."

"पडद्यावर काय लिहिलंय?"

"पाणी तुंबलंय म्हणे. इथे प्यायला नाही, तुंबणार कुठून?"

"मागची नळी मोकळी आहे ना? पाणी बाहेर पडलं नाही तर आतच भरतं. मग ते स्वतःहून बंद होतं."

मिस्त्रींनी अंधारात चाचपून नळीच्या तोंडाला हात लावला. तोटी घट्ट बंद होती.

"मिस्त्री? ऐकताय ना?"

"तोटी लावली मी," ते कसेबसे म्हणाले. "पाणी वाया जात होतं म्हणून."

"काढून टाका, नुसती उघडू नका, पाणी भरभर जायला हवं. सगळं पाणी जाऊ द्या, मग चालू करा."

अंधारात पाना तोटीवर बसेना. वर नात आणि खाली आपलीच तोटी, या विचाराने त्यांना रडू फुटायच्या बेतात होतं. शेवटी तोटी निघाली. पाणी भळभळा त्यांच्या पायांवर आलं. त्यांनी बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले.

"बाबा, पेटी लागली," वरून मुलीचा आवाज आला.

मिस्त्री वर गेले नाहीत. त्यांनी पत्र्याची बादली आणली आणि नळीच्या चांगली हातभर खाली ठेवली. थेंब पत्र्यावर टणटण वाजू लागले. ते तिथेच भिंतीला टेकून बसले आणि ऐकत राहिले. बादलीत पाणी चढलं की आवाज दबायचा. मग ते उठायचे, ते चांगलं पाणी मातीत ओतून द्यायचे आणि रिकामी बादली पुन्हा नळीखाली ठेवायचे.