एका मीटरचा उशीर

प्रणिताचं सकाळपासून कशातच लक्ष नव्हतं. पोहे तसेच राहिले, चहा गार झाला. संध्याकाळी पाचला तिचा शोधनिबंध जायचा होता आणि तीन वर्षांची पीएचडी त्या एका निबंधावर उभी होती. केसाएवढ्या काचेच्या तंतूवर, म्हणजे ऑप्टिकल फायबरवर, तिने सोन्याच्या सूक्ष्म कणांचा थर चढवला होता. त्या कणांतल्या इलेक्ट्रॉनांच्या लाटेत अडकून प्रकाश रेंगाळतो, असा तिचा दावा. साध्या फायबरपेक्षा चक्क पाच नॅनोसेकंद उशिरा. आकडा इतका देखणा आला होता की तिला त्याचीच धास्ती वाटायची. तिच्या गाइड शोभा मॅडम मात्र आठवडाभर हवेत होत्या.

डबा द्यायला ती अंबरपेठेतल्या वडिलांच्या कापडदुकानात शिरली. एकनाथरावांची रीत ठरलेली: पहिलं ठाण उलगडण्याआधी दुकानातले कापड मोजायचे दोन्ही गज शेजारी ठेवून बघायचे, मग गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल. लोखंडी गज काय रात्रीतून वाढतात का, असं ती वैतागून म्हणाली.

"वाढत नाहीत, हौ," एकनाथराव म्हणाले. "पण आपला गज आधी बघायचा, मग दुसऱ्याचं कापड. मापात पाप नक्को."

प्रणिता शेजारी ठेवलेल्या गजांकडे बघत राहिली. तिने फायबर मोजलं होतं, थर मोजला होता. पण यंत्राला जोडणाऱ्या केबली? सोन्याच्या फायबरला एक, साध्याला दुसरी. दोन्ही पिवळ्या, आत काचेचाच तंतू असलेल्या, वेटोळी करून बांधलेल्या. सारख्याच असणार, असं धरून ती चालली होती.

प्रयोगशाळेत पोचताच तिने दोन्ही केबली फरशीवर सोडल्या. एक दोन मीटर भरली. सोन्याच्या फायबरची, तीन. आणि काचेतून मीटरभर जायला प्रकाशाला पाच नॅनोसेकंद लागतात, हे ती स्वतःच पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची. सोन्याने काहीच केलं नव्हतं. तिला रडू फुटलं, ते तिने आवरलं नाही.

चार वाजता मॅडमना प्रयोगशाळेत बोलावून तिने सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"अजून कुणाला कळलंय?"

"मला कळलंय, मॅडम."

शोभा मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग चष्मा लावून त्या फरशीवर बसल्या आणि लांब केबल स्वतः पुन्हा मोजायला घेतली.

तीन मीटरच भरली.